ओढीचा वेग

मल्लेश्वरम, ४ जानेवारी २०२५

चि. रक्षितास श्रीहरीकाकाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू ‘सरी, बरं काका’ म्हणून सुटतेस, म्हणून हे पत्र. सूर्याचा उजेड आठ मिनिटांनी पोचतो, कबूल. पण तुम्ही म्हणता, त्याची ओढही तेवढ्याच उशिरा पोचते. मग पृथ्वी सूर्य आठ मिनिटांपूर्वी होता तिकडे ओढली जाईल आणि तिची वाट बिघडेल. बिघडते का? नाही. म्हणजे ओढ तत्क्षणी पोचते. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तुमच्या नव्या विज्ञानावर माझा भरवसा नाही. इथल्या तुझ्या व्याख्यानाला मी येत नाही. काकू खुसखुशीत कोडबळी तळणार आहे, ती मात्र घेऊन जा.

आशीर्वाद आहेतच.
काका

पुणे, १२ जानेवारी

ती. काकांना सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग रडू आलं. दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले. त्यांची गुरुत्वलहर आणि उजेड तेरा कोटी वर्षं प्रवास करून दोन सेकंदांच्या आत पाठोपाठ पोचले. याहून मोठा पुरावा कुठून आणू? तुमची शंका मात्र पोकळ नाही. सूर्याच्या चालीचा परिणाम ओढीतच मिसळलेला असतो, म्हणून ती सूर्य आत्ता आहे जवळपास तिकडेच लागते.

मला या विषयाची गोडी तुम्हीच लावलीत. बाबा गेल्यापासून तुमचा कशावरच विश्वास उरलेला दिसत नाही. त्यांच्या गावात मी पहिल्यांदा बोलणार, आणि तुम्हीही नसाल तर त्या सभेत माझं कोण?

राग नसावा, माया असावी.
रक्षिता

मल्लेश्वरम, १९ जानेवारी

चि. रक्षितास आशीर्वाद.

माझा विश्वास शाबूत आहे, वेडे. ओढ उजेडाच्याच वेगाने येते, हे मी पहिल्यापासून मानतो. तत्क्षणी म्हणणारे ते तुझे बाबा, माझे अण्णा. रोज संध्याकाळी कट्ट्यावर आमचं हेच चाले. होसकोट्याच्या कारखान्यात त्यांची रात्रपाळी असली की त्यांची बाजूही मीच मांडायची, मी परगावी गेलो की माझीही त्यांनी. बाजू रिकामी ठेवायची नाही, असा आमचा नेम. शेजारचे नागराज विचारायचे, आज कोण कोणाचा वकील. या अदलाबदलीत कोणाची कोणती, हे तुला लहानपणी उमगलंच नसेल. फार सुखाचे दिवस होते ते.

आता अण्णांची बाजू कायमची माझ्याकडे आली. तुझ्यापुढे ती टिकायची नाही, आणि ती पडली की अण्णा खरोखरच गेले, या भीतीने येत नव्हतो.

पण येतो. पहिल्या रांगेत बसून प्रश्न त्यांच्याच नावाने विचारीन. उत्तर देताना माझी गय करू नकोस. हरले की अण्णा फार सुरेख हसायचे.

वाद असू दे, लोभ वाढू दे.
काका