बाबांच्या नावाची बंदी

सावुसावु, फिजी

प्रिय आई,

माझी काळजी नको, वेळेवर जेवते. तू पाठवलेल्या अळकुड्या पोचल्या. दोनच सडक्या निघाल्या. तुझा गुडघा कसा आहे?

आमच्या शंखपैदास केंद्रातली पिल्लांची पहिली खेप पंप बंद पडल्यामुळे मेली. ही दुसरी जगली आहे. मोहरीएवढी पिल्लं टाकीतल्या शेवाळलेल्या पाट्यांना चिकटून आहेत. आपल्या प्रवाळखडकावर सोडण्याजोगी व्हायला त्यांना अजून वर्ष लागेल.

म्हणून मी गावप्रमुखांना कळवलं, की बाबा गेले तेव्हा त्यांच्या नावाने खडकावर मासेमारी बंद केलीत, ती शंभराव्या रात्रीच्या जेवणासाठी उठवू नका. एकदा लोक पाण्यात उतरले की उरलेसुरले मोठे शंखही जातील.

काल सावेनाका मामाचा फोन आला. "अगं पोरी, बाप गेलाय तुझा, शंख नव्हे! खडक बंद म्हणजे सुतक चालू. तुझी आई आणखी वर्षभर काळ्या कपड्यांत राहणार, कळतंय का?"

माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. मग तो म्हणाला, "आणि ती तर हो म्हणून मोकळी झाली!"

आई, मला विचारायचं तरी.

गावप्रमुखांना सांग, खडक बंद राहू दे, पण तू काळे कपडे उतरव. कुणीतरी घालायलाच हवेत असं ते म्हणाले, तर माझ्याकडे पाठव. मला सैल होतील, पण मी टाके घालून घेईन.

तुझी,
उनाइसी