काळ्या रंगाखालची टाकी

बाबूजी,

तुमची फटफटी आपल्या धाकट्याने दुरुस्तीला काढली आहे. दुरुस्ती म्हणजे साधी नाही, नवी घेतली होती तशीच्या तशी करायची, ओरिजिनल. तो नागपूरला बसून मोबाइलवर जुन्या गाड्या पाहतो, आणि मी गोंदियात आहे म्हणून फुलचूरच्या मिस्त्रीवर लक्ष ठेवायचं काम माझ्या गळ्यात. बिरसीच्या आपल्या गोठ्यातून धानाच्या तणसाखालची गाडी टेम्पोत चढवली तेव्हा सीटमधून उंदराचं घर निघालं.

मिस्त्रीवर माझा पहिल्या दिवसापासून भरवसा नव्हता. जुन्या गाडीचे असली पुर्जे काढून घेतात आणि नकली लावून देतात, असं ऐकलं होतं. म्हणून मी वहीत एकेक पुर्जा लिहून काढला. हॉर्न, साखळी, इंजिनचा नंबर, दिव्याच्या काचेला तडा कुठे आहे, टाकीचा रंग कोणता, सगळं. आणि खाली त्याची सही घेतली. एक दिवसाआड मारुतीचं दर्शन घेते आणि तशीच गॅरेजवर जाते. तो साठीचा माणूस, हात कोपरापर्यंत काळे. मान वर न करता म्हणतो, “या ताई. आज काय चोरलो ते लिहून घ्या.” मी स्टूल ओढून बसते आणि वही उघडते.

एकच गोष्ट मी त्याला बजावून सांगितली होती. टाकी घासायची नाही, आहे त्यावरूनच रंग मारायचा. तो हसला. “ओरिजिनल पायजे म्हन्ता अन् टाकी घासू नोको म्हन्ता. गुरुजीनं टाकीत सोनं लपवून ठेवलं का जी?” मी म्हटलं, आमच्या वडिलांच्या हातचा रंग आहे तो. हे खोटं नव्हतं. पण कारण ते नव्हतं, हे तुम्हाला आज सांगते.

गाडी नवी आली तेव्हा मेहरून होती, गडद लालसर. धाकटा पाळण्यात होता, त्याला ते आठवणार नाही. दसऱ्याला तुम्ही टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, मला पुढे बसवून गावात चक्कर मारली. दोन दिवसांनी आपल्या गड्याने गाडी धुतली आणि कुंकू पाण्यात वाहून गेलं. देवाचं चिन्ह पुसलं, आता बाबूजींना रस्त्यात काही झालं तर? मी दहा वर्षांची. गोठ्यातला एक खिळा घेतला आणि कधीच पुसलं जाणार नाही असं स्वस्तिक टाकीवर कोरलं. घाईत डावा हात पुढे झाला. पट्टी मारून मारून तुम्ही मला उजव्या हाताने लिहायला शिकवलं होतं, पण घाबरले की अजूनही माझा डावाच हात पुढे होतो. कोरून झाल्यावर पाहते तर त्याचे सगळे पाय उलटीकडे वळलेले.

शाळेतून येऊन तुम्ही ते पाहिलं. पोरांना विज्ञान शिकवणारे, करणी-बिरणी काही नसते म्हणून सांगणारे तुम्ही अंगणात उभे आहात आणि तुमचा चेहरा उतरला आहे. गाडीला हात लावणारा तुमच्याशिवाय एकच. “काऊन केला रे? कोनाच्या सांगन्यावरून केला?” गडी हात जोडतो. “गुरुजी, मी कायले करू जी? तुमच्याच घरचं खाऊन रायलो ना.” मी चुलीजवळ आईच्या मागे, खिळा मुठीत. आई म्हणते, पोरगी घाबरली, जरा हळू बोला. खिळ्याचं टोक माझ्या तळहातात रुतत होतं, तरी मी मूठ उघडली नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. तुम्ही बाजारातून काळ्या रंगाचा डबा आणला आणि स्वतः टाकी रंगवली. महिनाभरात धानाच्या बांधीच्या अरुंद धुऱ्यावर गाडी घसरली, तुमचा पाय मोडला, आणि गाडी गोठ्यात गेली ती गेलीच. गावाला तेवढंच पुरलं. त्या माणसाला मग धानाच्या रोवणीलाही कोणी बोलावत नव्हतं.

गेल्या रविवारी धाकटा आला. मिस्त्रीने माझं ऐकलं नव्हतं, टाकी अर्धी घासून ठेवली होती. काळ्याखालून मेहरून निघालेला. धाकटा भडकला. “आपली गाडी कारी होती! बाई, यानं टाकी बदलून टाकली.” फोन काढून गॅरेजचं नाव जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर टाकायला निघाला. मिस्त्रीने हात पुसले आणि पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं. “ताई, तुमी तं सगळं लिहून ठेवता. सांगा ना जी यायले.” वहीत मी काय लिहिलं होतं? टाकी, रंग काळा. खाली त्याची सही.

मी वाकले. मेहरून रंगात ते स्वस्तिक होतं, एक पाय लांब, एक आखूड, लहान पोराच्या हातचं. “टाकी आपलीच आहे,” मी म्हटलं. “तुले कसं मालूम?” “मालूम आहे. हे तेव्हापासून आहे. बाबूजींनीच वरून काळा मारला.” धाकट्याने फोन खिशात ठेवला. कोणी कोरलं, ते त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मिस्त्री म्हणाला, “हे भरून टाकू का?” मी नको म्हटलं.

तेव्हापासून मला दुसराच संशय लागला आहे, बाबूजी, आणि तो मिस्त्रीवरचा नाही. माझ्या डाव्या हाताच्या उलट्या रेघा तुम्ही रोज पाटीवरून पुसत होतात. टाकीवरच्या ओळखू आल्या नाहीत? कारण त्या दिवसानंतर डाव्या हातासाठी तुम्ही मला एकदाही मारलं नाही. तेव्हा मला वाटलं, देव पावला. आता जप करताना मणी तिथेच अडतो. तुम्हाला कळलं होतं, तर त्या गड्याला परत का बोलावलं नाही?

हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवणार होते, पण धाकटा आला की हार तोच बदलतो. वहीतच राहील.

तो गडी अजून आहे. मंगळवारी बाजारात भेटला. कानाने फार कमी ऐकतो आता. “बाई, गुरुजीची गाडी सुरू झाली म्हन्ते?” मी जवळ जाऊन मोठ्याने म्हटलं, हाव, होईल आता. पुढचंही त्याला तेवढ्याच मोठ्याने सांगावं लागलं असतं, आणि बाजारात माणसं होती.