साडेसव्वीस नंबरचे लायनर

६ जानेवारी, शनिवार

आजपासून रोज लिहायचं. नियम एकच: कोर्बिनिआनबद्दल एक अक्षर लिहायचं नाही.

कोर्बिनिआन आज बर्फाच्या उतारावरून स्कीवर असा काही आला की वर जाणाऱ्या लिफ्टवरची माणसं माना वळवून बघत होती. अठ्ठावन्न वर्षांचा गुरांचा डॉक्टर, गुडघे कुरकुरणारे. मागच्या मोसमापर्यंत माझ्या मागे असायचा. (खरं तर बरोबरीनं. पण किंचित मागे.) आणि आज नुसता सटकला. वळणं घ्यायचं नाव नाही. तो खाली पोचला तेव्हा मी वरच्या पाटीपाशी चष्मा पुसत होतो.

कारण कळलं. बूट तेच, बाहेरचं प्लास्टिकचं कवच जुनंच. आतला मऊ लायनर तेवढा काढून टाकलाय आणि इन्सब्रुकच्या दुकानातून वेगळा घेतलाय. गरम करून पायाच्या आकाराला बसवतात तो. "अरे वेंडल, बूट घातलाय असं वाटतच नाही," असं आधी मला आणि मग प्रत्येकाला सांगत होता. सांगता सांगता बुटाची बकलं उघडत होता. शेखी नुसती.

बर्गी शेजारीच होती. तीस वर्षं माझी बायको. म्हणाली, "बघ ना, कोर्बी कसा सुटलाय."

त्याला कोर्बी. मला "ऐक".

मी जळत नाही. नोंद म्हणून लिहितो.

९ जानेवारी, मंगळवार

बर्गी दर मंगळवारी इन्सब्रुकला बहिणीकडे जाते. आज तिच्या गाडीत कोर्बिनिआनही बसून गेला. त्याची जीप त्याच्या दारात उभी. मी विचारलं, त्याच्या जीपला काय झालं? म्हणाली, "जीपला काही नाही झालं." आणि गेली.

हे उत्तर वरवर साधं आहे.

संकल्प: १७ फेब्रुवारीला क्लबची ज्येष्ठांची शर्यत. तिच्यात कोर्बिनिआनला हरवायचं. बर्गी दर वर्षी शेवटच्या रेषेपाशी चहाचं पातेलं घेऊन उभी असते. तिनं पाहायला हवं. बास.

१३ जानेवारी, शनिवार

डोंगरावरच्या खानावळीत जेवण. चीजच्या गोळ्यांचं सूप बरं होतं. कोर्बिनिआननं बूट काढून शेकोटीपाशी ठेवले होते. जेवायला बूट कोण काढतं? लोकांनी बघावेत म्हणून. मी बघितले. हात शेकायच्या निमित्तानं वाकलो आणि लायनरच्या जिभेवरचा नंबर वाचला: साडेसव्वीस.

माझ्या बुटांवर अठ्ठावीस लिहिलंय. पण तो नंबर दुकानदारानं दिलेला, आणि त्याच्याकडे तेव्हा तेवढेच शिल्लक असणार. कोर्बिनिआनची आणि माझी उंची एक. माझ्या लग्नात मी त्याचाच कोट घालून उभा होतो, खांद्यात सुरकुती नव्हती. मग पाय काय वेगळे असतील?

घरी येताच ऑर्डर केले. तीच कंपनी, साडेसव्वीस. त्या दुकानात जायचं नाही. तिथे पाय मोजतात, बुटात उभं करतात, आणखी काय काय विचारतात. तेहेतीस वर्षं या खोऱ्यातल्या घरांना मी हीटिंग बसवतोय. उष्णता मला कोण शिकवणार?

१९ जानेवारी, शुक्रवार

पार्सल आलं. लायनर काळेभोर, देखणे. पाय घातला. बोटं आत थोडी दुमडतात, मूठ वळल्यासारखी. चांगली खूण आहे. सैल लायनर काय कामाचा?

बर्गीनं दारातून विचारलं, "नंबर बघून घेतलास ना?" मी म्हटलं, नंबर बघूनच घेतलाय. यात एकही शब्द खोटा नाही.

२१ जानेवारी, रविवार

लायनर भाजले.

पत्रकात लिहिलंय की मोजकं टेम्परेचर ठेवा, आधी बोटांवर फोमची छोटी टोपी घाला म्हणजे पुढे जागा राहते, नंतर बकलं लावून अजिबात न हलता उभे राहा. टोपी बाळाच्या टोपड्यासारखी दिसते. अठ्ठावन्नाव्या वर्षी पायाला टोपडं घालून मी उभा राहणार नाही. आणि पत्रकातलं टेम्परेचर भित्र्या लोकांसाठी असतं. मी चाळीस डिग्री वाढवलं.

ओव्हनमध्ये आधी बर्गीचा मांसाचा तुकडा होता. तो वरच्या जाळीवर, लायनर खालच्या. वास आला, पण मांसालाही वास असतोच.

गरम लायनर बुटात, पाय लायनरमध्ये, बकलं घट्ट. पहिल्यांदा वाटलं, अहाहा. उभा राहिलो, पुतळ्यासारखा. तेवढ्यात बेल. दोनदा. कोण असेल? कोर्बिनिआन! बर्गीचं सफरचंदाच्या गोड श्ट्रूडलचं भांडं परत द्यायला. म्हणजे श्ट्रूडल गेला होता त्याच्याकडे. मला कळलंही नव्हतं!

स्वयंपाकघरापासून दारापर्यंत खाड खाड चालत गेलो. चालताना तळव्याखाली काहीतरी सरकलं आणि गोळा झालं. पायाला आधार देणारा भाग असावा.

कोर्बिनिआन माझ्या पायांकडे बघत राहिला. चेहरा उतरला त्याचा. हळूच म्हणाला, "तूही घेतलेस?" म्हटलं, घेतले. "कसे आहेत?" म्हटलं, लोण्यासारखे. तर म्हणाला, "माझेही. अगदी लोण्यासारखे." आणि निघून गेला. स्पर्धक तयार झाला की माणसाची पावलं जड होतात, ती अशी.

जेवताना बर्गीनं एक घास घेतला आणि ताट सरकवलं. "ऐक," म्हणाली, "या मांसाला टायरची चव का येतेय?"

२३ जानेवारी, मंगळवार

आज मी बसनं इन्सब्रुकला गेलो. बर्गीला सांगितलं होतं, कामासाठी शेजारच्या गावात चाललोय. बॉयलर बघायचाय. बॉयलर इन्सब्रुकला असू शकत नाही असं कुठे लिहिलंय?

बुटांच्या दुकानासमोरच्या कॅफेत वर्तमानपत्राआड बसलो. तासाभरानं दोघं दुकानातून बाहेर आले. कोर्बिनिआननं बर्गीच्या खांद्यावर हात टाकलेला. नुसता टाकला नव्हता, भार दिला होता. बर्गीनं त्याची कंबर धरलेली. भररस्त्यात, दिवसाढवळ्या! आणि चालत होते ते इतके हळू, जणू रस्ता संपूच नये.

मला तिनं असं कधी धरलं होतं? हो, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर. म्हणजे त्यासाठी आमच्यात ऑपरेशन लागतं.

कॉफी गार झाली. केकचा तुकडा मात्र संपवला, पैसे देऊन बसलो होतो.

२७ जानेवारी, शनिवार

नव्या लायनरवर पहिला दिवस. सकाळी बूट घालायला मला, भिंतीला आणि बुटाच्या लांब चमच्याला मिळून बराच वेळ लागला. चमचा वाकला.

उतारावर एक गोष्ट लक्षात आली. वळताना पायाचं वजन बदलतं, आणि वजन बदललं की तळव्याखालचा तो गोळा वर येतो आणि अंगठा पुढच्या भिंतीवर आपटतो. तेव्हा वळलो नाही. सरळ आलो. लोक म्हणाले, वेंडल, काय वेग आहे रे! मी म्हटलं, "बूट घातलाय असं वाटतच नाही." डोळ्यांत पाणी आलं होतं. वाऱ्यानं.

पाय सवय लावून घेतोय. चामड्याचंही असंच असतं. (हे चामडं नाही. तरी.)

३० जानेवारी, मंगळवार

दोघं पुन्हा इन्सब्रुकला.

मी घरी. पावाच्या सुरीनं लायनरच्या आतून टाचेपाशी थोडं कोरलं. आता टाच हलते आणि बोटं दुखतात. आधी फक्त बोटं दुखत होती, म्हणजे दुखणं विभागलं गेलं. प्रगती आहे.

४ फेब्रुवारी, रविवार

बर्गीला विचारलंच. आधी वाक्यं ठरवली होती: शांत, भारदस्त. प्रत्यक्षात असं झालं की ती कपडे वाळत घालत होती आणि मी ओरडलो, "कोर्बिनिआनचं आणि तुझं काय चाललंय?"

तिच्या तोंडात चिमटा होता. तो काढून तिनं दोरीला लावला. म्हणाली, "त्यानं मला शपथ घातलीये. मी सांगणार नाही."

"शपथ!" मी म्हटलं.

"हो, शपथ. आणि ऐक, तू लंगडतोयस."

मी लंगडत नाही. विचार करत चालतो.

रात्रीचं जेवण नाकारलं. नंतर खाल्लं, पण न बोलता.

१० फेब्रुवारी, शनिवार

कोर्बिनिआन श्नॅप्सची बाटली घेऊन आला. बर्गी भावाकडे गेली होती, हे त्याला माहीत असणार. समोरासमोर बसलो. दोघांनी पाय टेबलाखाली ताणून दिलेले.

"शर्यतीत नाव दिलंयस?" त्यानं विचारलं.

"दिलंय. तू?"

"दिलं होतं. वाटलं, या वर्षी राहू दे. पण तू आहेस म्हटल्यावर..."

"माझ्यासाठी थांबू नकोस," मी म्हटलं.

"छे छे. लायनर इतके छान आहेत, न उतरणं म्हणजे पाप."

"महापाप," मी म्हटलं.

दोघांनी एकदमच उठायचा प्रयत्न केला आणि दोघंही परत बसलो. श्नॅप्स कडक होता.

१७ फेब्रुवारी, शनिवार. दुपार

शर्यत झाली. जे झालं ते लिहितो.

माझा नंबर आधी, त्याचा माझ्या मागोमाग. झेंडा पडला. पहिल्या दोन फाटकांनंतर (म्हणजे रोवलेल्या काठ्यांच्या जोड्या, त्यांच्यामधूनच जावं लागतं) अंगठ्यात जी कळ आली ती दातापर्यंत गेली. मनात एकच: खाली पोचायचं. बूट काढायचे. शर्यत, बर्गी, कोर्बिनिआन, सगळं विसरलो. गुडघे वाकवले आणि आयुष्यात उतरलो नव्हतो असा उतरलो. शेवटच्या दोन फाटकांत वळणं असतात. मी ती घेतली नाहीत. फाटकं चुकवली म्हणून बाद.

रेषेपलीकडे बर्फात बसलो आणि बकलं उघडली. बूट निघेना. ओढला, फिरवला, शिव्या दिल्या. निघेना. इतक्यात काहीतरी माझ्या शेजारी येऊन धाडकन आदळलं. कोर्बिनिआन. तोही बाद. त्याच फाटकांवर. तो बर्फात आडवा पडून ओरडत होता, "काढा! देवाशपथ, कोणीतरी काढा!"

बर्गी पातेलं टाकून धावली. आणि कोणाचा बूट आधी ओढला? त्याचा.

मी म्हटलं, "नवरा इकडे आहे."

ती ओढता ओढता म्हणाली, "गप रे. याचं दुखणं जुनं आहे, डिसेंबरपासूनचं."

मग सगळं बाहेर आलं, बुटाआधी. कोर्बिनिआनचे लायनर पहिल्या दिवसापासून त्याला चावतायत. त्याच्या घोट्याचं हाड बाहेर आलेलं आहे, आणि लायनर बसवताना दुकानातल्या बाईंनी विचारलं तेव्हा या गाढवानं "कुठेच टोचत नाही" असं सांगितलं. कारण तोवर नव्या लायनरचं सगळ्या क्लबला सांगून झालं होतं. नंतर दर मंगळवारी दुरुस्तीला जायचा. पाय सुजून ब्रेक दाबता येईना, म्हणून बर्गीची गाडी. आणि चालता येईना, म्हणून बर्गीची कंबर.

"मग इतक्या वेगात कसा येतोस?" मी विचारलं.

"खाली बूट काढता येतात ना रे," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. वाऱ्याचं नव्हतं. वारा नव्हताच.

शेवटी माझे बूट क्लबच्या चौघांनी ओढले. शर्यत गावच्या निवृत्त पोस्टमास्तरीणबाईंनी जिंकली. भाड्याच्या बुटांत.

१७ फेब्रुवारी, संध्याकाळ

गरम पाण्याच्या घमेल्यात पाय. बर्गी समोर बसली होती. मी म्हटलं, मला उगाच काही शंका आली होती असं नाही.

ती म्हणाली, "कॅफेत वर्तमानपत्र उलटं धरलं होतंस."

म्हणजे तिनं पाहिलं होतं! मी विचारलं, मग हाक का नाही मारलीस?

"म्हटलं, बघू दे. इतक्या वर्षांत इतका वेळ माझ्याकडे टक लावून तू कधी बघितलं होतंस?"

घमेल्यात ती गरम पाणी ओतत राहिली. नंतर म्हणाली की सोमवारी त्या दुकानात जायचं, दोघांनी, आणि तिथे विचारतील त्याचं खरं उत्तर द्यायचं. मी हो म्हटलं. माझा पाय अठ्ठावीसचा आहे. बहुधा साडेअठ्ठावीस.

कोर्बिनिआनचा हेवा वाटायचं आता काही कारण उरलं नाही. खूप हलकं वाटतंय.

१८ फेब्रुवारी, रविवार

डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. दोघांचे पाय एकत्रच तपासले, आमच्याच सोफ्यावर, शेजारी शेजारी.

कोर्बिनिआनची दोन नखं जाणार. माझं एकच.

दोन! बर्गी लगेच, "अरेरे कोर्बी, दोन?" त्याला उशी. त्याला सूप आधी. क्लबमधून फोन, त्याची चौकशी. तो सोफ्यावर आडवा होऊन सोसल्यासारखा हसत होता. मला माहीत आहे ते हसू.

तो गेल्यावर मी पुन्हा नीट बघितलं. माझ्या डाव्या पायाचं दुसरं नखही चांगलं निळं पडलंय. आणि तिसरंसुद्धा. म्हणजे एकूण तीन. बर्गीला बोलावून दाखवलं.

तिनं ओल्या फडक्यानं पुसलं. "मोज्याचा रंग आहे," म्हणाली.