सहा सिलिंडरचं डिझेल

मंगळवार, ७ ऑक्टोबर २००८. पहाटे पावणेसहा.

आमच्या कारखान्याचं नवं इंजिन बसवलेल्या चाचणीच्या पिकअपमध्ये डिझेल भरत होतो. शेजारच्या पंपावर एक म्हातारा आपल्या पेट्रोलच्या गाडीत भरत उभा. माझ्या हातातली डिझेलची हिरवी नळी पाहून म्हणाला, "पोरा, नळी चुकलास."

"नाही, गाडी डिझेलचीच आहे."

"एवढ्याशा गाडीला डिझेल? शाळेची बस चालवतोस की काय?"

मी सांगायला लागलो – सहाच सिलिंडर, पण ओझं ओढायला आठ सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाच्या तोडीस तोड, आणि गॅलनमागे सात मैल जास्त. धूर नाही, खडखडाट नाही. त्याने ऐकून घेतलं आणि वरच्या फलकाकडे बोट केलं. डिझेल पेट्रोलपेक्षा अर्धा डॉलर महाग.

"हिशेब कर," म्हणाला आणि गेला.

हिशेब मी रोज करतो. अजून जमतो. जेमतेम.

रविवार, १२ ऑक्टोबर

दुपारी वर्लिनमामाकडे जेवायला. आर्डिसमामीने कुस्करलेल्या बटाट्यावर कोंबडीच्या रश्शात शिजवलेल्या शेवया घातल्या होत्या. जेवायच्या आधी तिने टेबलाखाली इन्सुलिन टोचून घेतलं. मामाने आणि मी नेहमीसारखी नजर दुसरीकडे वळवली.

मामा म्हणाला, "काय इंजिनिअरसाहेब, तुमचं खेळणं बाजारात कधी येणार?"

मी कॉलेज पहिल्याच वर्षी सोडलं, म्हणून हा टोमणा. मामी म्हणाली, "गप बसा हो. खेळण्यावरच घर चाललंय तुमचं."

खरं आहे, आणि ते माझ्यामुळे. मे महिन्यात मीच त्याच्या मागे लागलो होतो. मामा मोठ्या ट्रकच्या इंजिनांच्या लाइनवर होता. तिथे एकेक भाग उचलताना माणूस वाकडा होतो. मी म्हटलं, लहान डिझेलचा नवा विभाग उघडतोय, पिकअप आणि एसयूव्हीसाठी. हलकं काम आहे, पुढची वीस वर्षं ह्याचीच आहेत. पण आमच्याकडे विभाग बदलला की त्यातली सेवाज्येष्ठता शून्यापासून सुरू. मामाची एकोणीस वर्षं होती. त्याने माझ्याबरोबर, त्याच दिवशी, माझ्याच पेनाने सही केली.

बुधवार, २२ ऑक्टोबर

ज्या कंपनीच्या गाड्यांत आमचं इंजिन बसणार होतं, तिने ते पुढे ढकललं.

साहेबांनी सगळ्यांना लाइनपाशी बोलावलं. "रद्द नाही, पुढे ढकललंय." कधीपर्यंत? "अनिश्चित काळ." कारणं सांगितली. पिकअप कोणी घेत नाही. बँका कर्ज देत नाहीत. पेट्रोल उतरतंय, डिझेल तेवढं उतरत नाही. धूर साफ करायची यंत्रणा लावली की गाडी हजारो डॉलरनी महागते, आणि आमच्या लोकांच्या डोक्यात डिझेल म्हणजे अजून काळा धूरच.

सगळी कारणं खरी आहेत. एकही खोडता आलं नाही.

बोर्डावरच्या नोटिशीत 'अनिश्चित'चं स्पेलिंग चुकलेलं होतं. खिशातलं पेन काढलं. परत ठेवलं.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

विभाग बंद. तयार इंजिनं बांधून ठेवायला आणि मोजकी चाचणी चालू ठेवायला थोडी माणसं राहणार, बाकीचे घरी. युनियनचा पाचेको लाकडी फळकुटावर उभा राहून नावं वाचत होता. जे आधी विभागात आले ते राहिले. आमच्या तारखेला आलेल्यांसाठी एकच जागा उरली. तारीख एक असली की सोशल सिक्युरिटीच्या नंबरातले शेवटचे चार आकडे बघतात. ज्याचे लहान, तो वर.

माझे लहान निघाले.

मी तेवीस वर्षांचा, एकटा. सरकारने लहानपणी दिलेल्या चार आकड्यांनी मी मामाच्या वर. आणि मामीचं इन्सुलिन कंपनीच्या विम्यावर.

मामाने पाठीवर थाप मारली. "नशीबवान आहेस लेका." घरी येऊन दिवा बंद करून बसलो. हॅलोविनची मुलं मिठाई मागायला दार वाजवत होती. उघडलं नाही.

रविवार, २ नोव्हेंबर

मामाकडे गेलो नाही. सर्दी झाली म्हणून कळवलं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

करारात एक कलम आहे – राहिलेल्याने आपणहून उतरायचं ठरवलं, तर जागा खालच्याला मिळते. पाचेकोला गाठलं.

"मी उतरलो तर कोण?"

"तुमच्या तारखेतला पुढचा. वर्लिन."

"नक्की?"

"वर्लिन."

"पुन्हा एकदा बघ ना."

"अरे, किती वेळा वदवून घेशील? वर्लिन, वर्लिन, वर्लिन. पण का करतोयस हे?"

"दक्षिणेत काम बघतोय," म्हटलं. सही केली. बाहेर आलो तेव्हा कित्येक दिवसांनी श्वास पोटापर्यंत गेला. मामाला सांगितलं नाही. सोमवारी त्याला पाचेकोकडूनच कळू दे.

सोमवार, १० नोव्हेंबर

डेनीन.

इंजिनाच्या पंपांच्या जुळणीवरची डेनीन. ऑगस्टपासून बाळंतपणाच्या रजेवर. ती आमच्याच तारखेची, आणि तिचे आकडे माझ्या नि मामाच्या मधले, म्हणजे जागा तिची. पाचेकोने हजर असलेल्यांचीच नावं धरली होती. मी तीनदा विचारलं, पण रजेवर कोण आहे ते विचारलं नाही. मी! कागदावर स्वल्पविराम चुकला तरी ज्याला झोप येत नाही, तो मी.

पाचेकोने टोपी काढली. "चूक माझी आहे, कर्ट."

"माझी सही परत दे."

"ती साहेबांकडे गेली. तिलाही फोन झाला."

दुपारी ती आली, बाळाला छातीशी बांधून. मला म्हणाली, "कोणीतरी आपणहून उतरलं म्हणे. कोण ते सांगत नाहीत. देव त्याचं भलं करो." मी बाळाचं नाव विचारलं. मुलगा आहे, थिओ.

तिचा राग येईल असं वाटलं होतं. तेवढाही आधार मिळाला नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आम्हा काढलेल्यांचा शेवटचा दिवस. इंजिनांची तोंडं टोपणांनी बंद केली, तेल लावलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळली. माझ्या चाचणीचं इंजिन शेवटी. अजून कोमट होतं. ह्याच्यात काहीही खोट नाही. हे कोणाला सांगू?

येताना फलक पाहिला. पेट्रोल आणि डिझेलमध्ये जवळजवळ एक डॉलरचा फरक. आता हिशेब जमत नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

मामाकडे गेलो. मामी चर्चमधून आली नव्हती. सगळं ओकून टाकायचं ठरवूनच गेलो होतो. "मामा, मे महिन्यात मी तुझ्या मागे लागलो नसतो तर –"

"तर मी जूनमध्येच घरी बसलो असतो," तो म्हणाला. कंपनीच्या डॉक्टरने एप्रिलमध्येच लिहून दिलं होतं, ह्या पाठीने मोठ्या लाइनवर उचलायचं नाही. दुसरं काम त्यांच्याकडे नव्हतं. "तुझ्या मामीलाही बोललो नव्हतो. तू आलास ते इंजिन घेऊन, बरं झालं. तेवढे महिने तिचं औषध निघालं."

शुक्रवारी त्याने मलाही काढलेल्यांबरोबर बाहेर पडताना पाहिलं होतं.

"पण तुझे आकडे तर वर होते. तू काम कसं सोडलंस रे?"

"कंटाळलो होतो," मी म्हटलं.