निळ्या शाईतला ओढा

अहो,

भाकरी दुरडीत आहे, पिठलं गरम करून घ्या. सोनमला घेऊन मी इंदापूरला आत्याकडे चालले आहे.

माझ्या चित्रांच्या पुस्तकात मी आपला ओढा काळा काढला होता, साखर कारखान्याची मळी सुटल्यावर होतो तसा. तुम्ही मला न विचारता तो निळ्या शाईत छापलात. वर म्हणता, "पोरांचं पुस्तक हाय, जरा गोड दिसू दे." कारखान्याचा अहवाल दरवर्षी तुमच्याच प्रेसमध्ये छापतात, हे मला ठाऊक नाही असं वाटलं?

सोनमने छापलेला कागद बघितला आणि विचारलं, "आई, ह्या ओढ्यात खेळलं तर खाज न्हाय ना येत?" तिच्या पायांवरच्या फोडांना मलम तुम्हीच लावता. तरी हात धजला तुमचा?

ओढ्याच्या चित्राच्या छपाईच्या प्लेटा माझ्या पिशवीत आहेत. इंदापूरचा प्रेसवाला काळी शाई लावायला तयार आहे. मुद्रक म्हणून तुमचं नाव नसेल, सुटलात.

निळे कागद ओट्यावर ठेवलेत. कारखान्याच्या अहवालाला त्यांचंच कव्हर घाला.

आम्हाला न्यायला यायचं असेल, तर आधी त्या ओढ्यात गुडघाभर उभे राहून या.

वैजयंता