ट्यूबलाइटची शिट्टी

प्रिय ढब्बू,

तुझं वजन उतरलं, केस उतरले, पण हे नाव काही तुझ्यावरून उतरत नाही, तेव्हा राग मानू नकोस. परवाच फोनवर बोलणं झालेलं असताना ताई आता कागद घेऊन का बसली, असं तुला वाटेल. खरं तर जे सांगायचं होतं ते मी फोनवर सांगून टाकलं होतं. त्यावर तू जे म्हणालास त्याच्यामुळे हे लिहावं लागतंय. पण तिकडे मी शेवटी येईन. आधी सगळं क्रमाने सांगते, कारण तू गणिताचा मास्तर आहेस आणि मधल्या पायऱ्या गाळल्या की तू गुण कापतोस.

विम्याच्या कचेरीतली नोकरी सोडून मी या वयात संगीत शिकायला कॉलेजात नाव घातलं, तेव्हा तू विचारलं होतंस, "ताई, आता तुझं दप्तर कोण भरून देणार?" मी नुसती हसले, कारण ही हौस आहे की हट्ट हे माझं मलाच सांगता येत नव्हतं. अजूनही डायरीत तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत लिहीत असते. आम्ही शिकतो ते असं: सिनेमा, जाहिराती, मोबाइलवरचे खेळ यांच्यासाठी संगीत रचायचं आणि आवाज घडवायचे. पडद्यावर माणूस बर्फातून चालतो तेव्हा इकडे बंद खोलीत कुणीतरी मक्याच्या पिठाची पिशवी मुठीत दाबत असतं. मीही दाबली, चांगली दोन पिशव्या फुटेपर्यंत. वर्गातली मुलं माझ्या निम्म्या वयाची. मला काकू म्हणावं की काय म्हणावं यावर त्यांच्यात बराच खल झाला आणि शेवटी 'बॉस' ठरलं. हल्लीची पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात अशी तुझी तक्रार असते ना, माझ्या वर्गातली तर अगदी स्वच्छ बोलतात. आमचे सर आयुष्यभर सिनेमांचे आवाज जुळवत आलेले, जिभेने तिखट. माझ्या पहिल्याच रचनेवर म्हणाले, "बाई, तुम्ही व्हायोलिनं लावून प्रेक्षकाला रडायला सांगताय. त्याला एकदा विचारा तरी, रडायचंय का." घरी येऊन मी निम्मी रचना पुसून टाकली. उरलेली निम्मी खरंच बरी निघाली.

या सत्राची परीक्षा म्हणजे एक लघुपट. त्याचा सगळा आवाज एकटीने करायचा, आणि पदविका मिळणार की नाही ते त्यावरच. माझ्या वाट्याला शिवणकाम करणाऱ्या एका बाईची गोष्ट आली. दुकानाचा शेवटचा दिवस आहे, ती एक कोट पुरा करते, दिवा मालवते, शटर ओढते. बोलणं जवळजवळ नाहीच. मी एका खऱ्या शिंपीणबाईंच्या दुकानात जाऊन बसले आणि त्यांचं मशीन, कात्री, बटणांचा डबा, सगळं ध्वनिमुद्रित करून आणलं. मशीन वेग घेतं, थबकतं, बाई दोरा तोडतात, पुन्हा वेग घेतं. तोच ताल धरून मी वर एकच चेलो, म्हणजे व्हायोलिनचा जाड आवाजाचा थोरला भाऊ, चालवला. मला ते आवडलं होतं, ढब्बू. स्वतःचं काम आवडलं असं मी सहसा लिहीत नाही. त्या दिवशी डायरीत लिहिलं, आणि मग 'थोडंसं' असा शब्द वर घुसडला.

मग ते वर्गात लावलं. दिवे मंद झाले, मशीन सुरू झालं, आणि माझ्या लक्षात आलं की पुढच्या बाकावरची मुलगी, आमच्यातली सगळ्यात बडबडी, कानाला हात लावून बसलीय. तिच्या शेजारच्याने तोंड वाकडं केलं. मागे कुणीतरी दातांवर दात घासावेत तसा चेहरा केला होता. मी पडद्याकडे पाहिलं, सगळं ठीक चाललं होतं. मशीन, कात्री, चेलो, सगळं जिथल्या तिथे. सरांनी थांबवून विचारलं, "ही शिट्टी तुम्ही मुद्दाम ठेवलीय का?" मला कसलीच शिट्टी ऐकू येत नव्हती. आणि मी काय म्हणाले असेन? "हो, मुद्दाम." वर्गाने गंभीरपणे माना डोलावल्या. एकजण तर म्हणाला की त्या शिट्टीमुळे बाईच्या मनातली घुसमट पोचते. वीस वर्षं विम्याचे दावे तपासून खोटं बोलणारी माणसं ओळखण्यात मी पटाईत झाले होते, आणि स्वतः इतक्या सहज बोलून गेले की माझंच मला नवल वाटलं.

वर्ग सुटल्यावर बडबडीला बाजूला घेतलं आणि म्हटलं, ती शिट्टी कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते बोटाने दाखव. लघुपट पुन्हा लावला, आणि तिने तो संपेपर्यंत बोट वरच धरून ठेवलं. दुकानातली ट्यूबलाइट होती ती. तिचा बारीक, उंच आवाज माझ्या मायक्रोफोनने इमानदारीने टिपला होता, मी हेडफोन लावून तासन्‌तास ऐकला होता, आणि मला तो नव्हताच. दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे गेले. काचेच्या खोलीत बसवून आवाज ऐकू आला की बटण दाबा म्हणाले. मला वाटलं आवाज द्यायला अजून सुरुवात व्हायचीय, आणि बाहेर त्यांचा आलेख निम्मा काढून झाला होता. दोन्ही कानांची नस हळूहळू दुबळी होतेय, आधी उंच आवाज जातात, मग त्याखालचे. गेलेले परत येत नाहीत. पुढे कधीतरी यंत्र लागेल. "घरात आणखी कुणाला?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी "नाही" म्हणाले. जिना उतरताना मात्र पाय थांबले.

बाबा आठवतात ना तुला, चामड्याची पिशवी घेऊन घरोघरी पियानो जुळवायला जायचे ते? मग एका बाईने पियानो परत जुळवून मागितला, उजवीकडच्या टोकाच्या पट्ट्या बेसूर राहिल्या म्हणून. मग एका शाळेने. मग बाबा म्हणाले बोटं आखडतात, आणि पिशवी कपाटात गेली, आणि ते रंगाच्या दुकानात उभे राहायला लागले. आई रोज गरम पाण्याच्या पिशवीने त्यांची बोटं शेकायची. त्याच बोटांनी ते तुझ्या सायकलची उतरलेली साखळी बसवायचे आणि आईला सुईत दोरा ओवून द्यायचे, ते आपल्याला दिसत होतं आणि कधी खटकलं नाही. विनोदावर ते सगळ्यांच्या थोडं मागाहून हसायचे, आईच्या चेहऱ्याकडे बघून. आणि काहीही सांगितलं तरी "छान, छान." तू चित्रकलेत नापास झाल्याचं सांगितलंस तेव्हाही "छान, छान" म्हणाले होते, आणि आपण दोघं कितीतरी दिवस बाबांच्या मोठ्या मनाचं कौतुक करत होतो. मला हे नक्की माहीत आहे का? नाही. त्यांचे कान कुणी तपासले नव्हते, आणि आता विचारायला ते नाहीत, आईही नाही. कदाचित माझं दुखणं मी त्यांच्यावर लादत असेन. पण मी भर वर्गात "हो, मुद्दाम" म्हणाले तेव्हा तो सूर मला ओळखीचा वाटला होता. "बोटं आखडतात" हे ते याच सुरात म्हणायचे.

म्हणून मी सरांच्या खोलीत गेले आणि सांगून टाकलं, शिट्टी मुद्दाम नव्हती, मला ती ऐकूच येत नाही, आणि आणखी काय काय येत नसेल तेही मला ठाऊक नाही. मला वाटलं होतं ते चष्मा काढतील, खुर्ची देतील, हळू आवाजात बोलतील. त्यांनी चहाचा घोट घेतला. "माझेही वरचे गेलेत," म्हणाले. "म्हणून तर शिकवतो. दरवर्षी तरुण कान फुकट मिळतात." मग विचारलं, "बरं, लघुपटाचं काय करणार?" मी म्हटलं, नव्याने करणार. "मग इथे काय करताय?" म्हणाले. एवढंच. बाहेर येऊन मला थोडं रडू आलं आणि लगेच भूक लागली, तेव्हा ते रडू फारसं खोल नसावं.

आता माझी कामाची पद्धत अशी आहे. आवाजाचं चित्र काढून दाखवणारं एक साधन असतं, खाली जाड आवाज, वर बारीक, जसजसा आवाज वाढेल तसतसा रंग गडद. त्या चित्रात शिट्टी पहिल्यांदा दिसली तेव्हा मी कितीतरी वेळ बघत राहिले. अगदी वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ताणून धरलेल्या दोऱ्यासारखी एक सरळ रेघ. जे कानाला कळत नाही ते आधी डोळ्याने तपासते, मग बडबडीला बसवते. ती ऐकते आणि बोलते, आणि ती बोलायची थांबली की समजायचं काम जमलं. सगळं संगीत मी खालच्या पट्टीत उतरवलं, जिथे मला माझ्यावर भरवसा ठेवता येतो. शिट्टी पुसणं आता एका मिनिटाचं काम होतं. रेघ निवडली, बोट बटणावर ठेवलं, आणि नाही दाबलं. तिला इतकं मंद केलं की कुणाचं तोंड वाकडं होऊ नये, आणि दुकानातल्या सगळ्या प्रसंगांखाली ती तशीच राहू दिली. शेवटी बाई दिवा मालवते. तिथे, बरोबर तिथे, ती रेघ कापली.

परीक्षेच्या दिवशी मी पडद्याकडे पाहिलंच नाही. भिंतीला टेकून वर्गाकडे तोंड करून उभी राहिले. बाईने कोट टांगला, गळ्यातली मोजपट्टी काढून ठेवली, दिव्याचं बटण दाबलं. मला काही फरक ऐकू आला नाही. पण सगळ्या वर्गाचे खांदे एकदम खाली आले. बडबडीचेही. सरांचे तेवढे नाहीत, बाकी सगळ्यांचे, कुणीतरी पाठीवरचं ओझं उतरवून घ्यावं तसे. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या खांद्यांकडे बोट दाखवलं. आता कुणी विचारलं, मुद्दाम का, तर "हो" म्हणताना मला डोळे खाली घालावे लागणार नाहीत. पदविका मिळेल. पदविकेनंतरचा अभ्यासक्रमही मी करणार आहे, आणि यंत्र लागेल तेव्हा यंत्र लावून करणार आहे. पिशवी कपाटात जाणार नाही.

आता फोनचं. परवा मी तुला सांगितलं, माझ्या कानांचे उंच आवाज गेलेत, ते परत येणार नाहीत. तू म्हणालास, "छान, छान." मग तू थोडं थांबून हसलास आणि हवापाण्याचं बोलायला लागलास. फोन ठेवल्यावर मी तुझ्या बायकोला विचारलं. ती म्हणाली, टीव्ही आमचा आणि बातम्या सगळ्या मजल्याला. आणि तुझ्या वर्गातली पोरं, ढब्बू, ती तोंडातल्या तोंडात बोलत नाहीत. म्हणून पुन्हा फोन न करता कागदावर लिहिलं, म्हणजे तुला हो-हो करून सुटता येणार नाही. डॉक्टर म्हणालेत, भावंडांना तपासून घ्या. महिनाअखेरच्या शनिवारची सकाळची वेळ मी तुझ्यासाठी घेऊन ठेवलीय. चिडशील, चीड, पण ये. त्याच दुपारी कॉलेजच्या सभागृहात माझा लघुपट सगळ्यांसाठी लावणार आहेत. ट्यूबलाइटची शिट्टी तुला ऐकू आली तर मी चुकले, आणि इतक्या आनंदाने मी आजवर कधी चुकले नसेन. नाही आली, तर आपण दोघं मागच्या रांगेत बसून लोकांचे खांदे बघू.

तुझीच, बाबांच्याच कानांची,
ताई