न लावलेली कडी

ती. बाबा,

लांबूनच पाया पडतो, पाय मागे घेऊ नका.

नर्सिंगच्या डिग्रीला प्रवेश मिळाला, सोमवारी कॉलेज सुरू होतंय. ‘पोरगा बायकी काम शिकतोय’ असं काका सगळ्यांना सांगत सुटले असतील, तर खुशाल सांगू देत. मी मागे फिरणार नाही. खोली हवेशीर आहे, जेवणाची आबाळ नाही. पहिलं इंजेक्शन नीट देता यावं, एवढंच वाटतं. तुमचा गुडघा कसा आहे? शेकता ना?

मुलाखतीत पलंगावर माणसाएवढा बाहुला होता. त्याला न उठवता खालची चादर बदलायची होती. मी आधी बाहुल्याला म्हटलं, “आता कुशीवर वळवतो हं, घाबरू नकोस.” मुलाखतीला आलेले बाकीचे खो खो हसले. मॅडम मात्र हसल्या नाहीत. “हे कुणी शिकवलं?” त्यांनी विचारलं.

“वडिलांनी,” मी म्हटलं. “आई अंथरुणाला खिळली होती, बोलतही नव्हती. तरी ते रोज तिला सांगूनच वळवायचे.”

हे चारचौघांत बोललो म्हणून रागवाल, तर रागवा. हे ‘बायकी काम’ करताना तुम्हाला कुणी बघू नये म्हणून तुम्ही आतून कडी लावायचात. मी तेच काम दार उघडं ठेवून करणार आहे.

तुमच्याच हाताखाली शिकलेला,
धाकटा